घर सुभानपुऱ्यात, होडी बाबांच्या नावावर



संस्थेच्या कार्यालयात हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. पोरगा वापीहून, सुरतेहून नाहीतर बडोद्याहून फोन करतो. म्हणतो, "सचिव, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही इकडे नवीन घर घेतलंय, आईलाही आणलंय. होडी अजून बाबांच्याच नावावर आहे. राहू दे ना तशीच? नाव काढायचं म्हटलं की बाबांनाच पुसून टाकल्यासारखं वाटतं."

हा प्रश्न जितका नियमाचा, तितकाच मनाचा. गेल्या वर्षी तो आमच्याच घरात आला. म्हणून आज नेहमीसारखी सूचना न टाकता माझं मत लिहितोय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर कार्यालयात येऊन भांडा, चहा माझ्याकडून.

मत सरळ आहे. घर कुठेही करा. आईला सोबत न्या, चांगलंच आहे. पण होडी आणि संस्थेतला शेअर गेलेल्या माणसाच्या नावावर ठेवू नका. जो त्या होडीवर काम करतो त्याच्या नावावर करा, आणि बाकीच्या वारसांचा वाटा चोख मोजून द्या. बाबांची आठवण त्याने कमी होत नाही. उलट नीट उभी राहते.

आता आमच्या घरचं सांगतो. आम्ही तीन भाऊ, एक बहीण. मी बारावी करून संस्थेत चिकटलो. मधला बाबांच्या हाताखाली तयार झाला, आज तोच तांडेल आहे. धाकटा आयटीआय करून बडोद्याला कंपनीत लागला. त्याने कर्ज काढून सुभानपुऱ्यात फ्लॅट घेतला आणि ताबा मिळाला तो बाबा गेल्यानंतर चार महिन्यांनी. बाबांनी ते घर पाहिलंच नाही. धाकट्याला हेच सगळ्यात जास्त लागलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुभानपुरा म्हणजे बडोद्याचा पश्चिमेकडचा भाग. एका बाजूला गोरवा, एका बाजूला एलोरा पार्क, मधून हाय टेन्शन रोड. आपल्याकडून गाडीत बसलं की थेट बडोदा, तीनशे किलोमीटरच्या आसपास. वस्ती नोकरदारांची, शांत. मराठी माणसं शहरात भरपूर, कारण गायकवाडांचं राज्य तिथे होतं. पण दर्या नाही. नदी आहे विश्वामित्री, तिच्यात मगरी. होडी, जाळं, वाळत घातलेले बोंबील, यातलं काहीच नजरेला पडत नाही.

बंदीच्या दिवसांत मी आईला सोडायला गेलो आणि सामान लावायला आठ-दहा दिवस राहिलो. पहिला वाद झाला तो बाबांच्या फोटोवरून. धाकट्याला कोणीतरी सांगितलं होतं, गेलेल्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीलाच हवा. दक्षिणेच्या भिंतीला खिडकी. सुनेचं म्हणणं, नव्या रंगाला ड्रिल नको. आई काहीच बोलली नाही. तिने बॅगेतून बाबांची वही काढली आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवली. ती वही म्हणजे होडीचा हिशोब. कोणत्या फेरीला डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचा वाटा किती, व्यापाऱ्याकडे बाकी किती. बाबा चौथी शिकलेले. अक्षर वाकडं, पण बेरीज कधी चुकली नाही.

आई रोज सकाळी विचारायची, "आज तिथी कुठली?" सूनबाईला वाटायचं उपासासाठी विचारतात. एक दिवस आईने तिला समजावलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा वाजलेला टाइम. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. बाबांनी हा हिशोब आम्हा सगळ्यांना बोटांवर शिकवला होता. सुभानपुऱ्यात चौथ्या मजल्यावर भरतीचा काय उपयोग? काहीच नाही. पण मधला त्या वेळी खाडीतून बाहेर पडत असेल की आत येत असेल, हे आईला त्यावरून कळायचं. मग ती त्या वेळेला फोन करायची नाही.

हे मी रडवायला लिहीत नाही. बाबा त्या घरात कुठे आहेत ते मला यातून कळलं, म्हणून लिहितो. फोटो शेवटी दिवाणखान्यात लागला, पूर्वेच्या भिंतीला. पण बाबा जास्त करून वहीत आणि तिथीच्या हिशोबात होते, म्हणजे रोजच्या कामात.

बडोद्यात फिरताना याच गोष्टीचा एक मोठा दाखला मिळाला. सयाजीराव महाराजांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण ते मूळचे राजवाड्यातले नव्हेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा हा मुलगा, नाव गोपाळराव, घर शेतकऱ्याचं. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी १८७५ साली त्याला दत्तक घेतलं. वय बारा. नवीन घर, नवीन नाव, आणि कागदावर बाप म्हणून खंडेराव, जे १८७० सालीच वारलेले. जन्मदाते काशीराव १८७७ साली गेले. म्हणजे नव्या घरात नीट रुळायच्या आतच पोरगा पोरका झाला.

पुढे याच माणसाने १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेल्या मुलाला ते सुचलं, यात मला तरी नवल वाटत नाही. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांच्या स्मरणार्थ त्यांनी कीर्ती मंदिर बांधलं, १९३६ साली, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. ते बघण्यासारखं आहे. पण मला जास्त भावलं ते खंडेराव मार्केट. तिथे भाजी, फुलं, गर्दी, घासाघीस, आणि त्याच इमारतीत महापालिकेचं कार्यालय. खंडेरावांचं नाव बडोद्यात रोज हजार वेळा तोंडी येतं, कारण ते बाजाराला दिलेलं आहे. जिथे व्यवहार चालतो तिथे नाव टिकतं.

आणखी एक गोष्ट आपल्या संस्थेच्या सभासदांना माहीत असायला हवी. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला १९०४ साली. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू केली. देशातल्या सहकाराची सुरुवात सांगताना तिचंच नाव पहिलं घेतात. कवठेकर मराठी माणूस. 'अन्योन्य' म्हणजे एकमेकांचं, एकमेकांसाठी. थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि अडलेल्याला त्यातून द्यायचे, हीच कल्पना. आपल्या संस्थेचं डिझेल, बर्फ, उचल हे सगळं त्याच कल्पनेवर चालतं.

हे सांगायचं कारण असं, की बडोद्याला घर करणारी आपली पोरं काही जगावेगळं करत नाहीत. घर बदलणं ही तुटण्याची गोष्ट नाही. मागचे व्यवहार अर्धवट सोडणं ही तुटण्याची गोष्ट आहे.

आता कागदाकडे वळतो. कार्यालयात बसून मी जे बघतो ते सांगतो, नाव कोणाचंच घेत नाही.

एका घरात होडी वडिलांच्या नावावर राहिली. तीन भाऊ, भांडण अजिबात नाही. पण एक गावात, दोन बाहेर, आणि सही करायला कोणाला सवड नाही. परवान्याचं नूतनीकरण अडलं. परवाना नाही म्हणून डिझेलच्या परताव्याचा प्रस्ताव करता येईना. विम्याचं तेच. दोन हंगाम होडी खाडीत उभी राहिली आणि फळ्या सुटल्या. आमचे बाबा म्हणायचे, "चालती होडी पोसते, उभी होडी कुजते." त्या घरात बापाचं नाव जपण्यात बापाची होडी गेली.

दुसऱ्या घरात उलटं झालं. गावातल्या भावाने सगळं आपल्या नावावर करून घेतलं आणि शहरातल्यांना नंतर कळलं. बहिणीला तर विचारलंच नाही. आज ती माणसं वडिलांच्या वर्षश्राद्धाला एका पंगतीला बसत नाहीत.

दोन्ही टाळता येतं. काय करायचं ते क्रमाने लिहितो.

पहिलं, मृत्यूची नोंद. २१ दिवसांच्या आत केली तर कटकट नाही. उशीर झाला की दाखले, प्रतिज्ञापत्रं आणि फेऱ्या वाढतात. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि होडीच्या नोंदणीवरचं नाव एकसारखं आहे का ते बघा. आपल्याकडे एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं असतात.

दुसरं, संस्थेतला शेअर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाला की संस्था त्याचा हितसंबंध नॉमिनीच्या नावे वर्ग करते. नॉमिनी नसेल तर वारसाच्या नावे. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. नॉमिनी म्हणजे एकटा मालक नव्हे. संस्था कुणाशी व्यवहार करायचा हे त्यावरून ठरवते, बाकी वारसांचा हक्क तसाच राहतो. म्हणून जिवंतपणी नॉमिनी लावा आणि तो का लावला हे घरात सगळ्यांसमोर बोला.

तिसरं, वारस कोण. हिंदू घरात १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. लग्न झालेल्या मुलीचाही. आपल्याकडे बहिणीला शेवटच्या दिवशी बोलावून "इथे सही कर" म्हणतात. हे बंद व्हायला पाहिजे. ती सोडते तर तिच्या मर्जीने सोडू दे, पण काय सोडते ते तिला आकड्यात सांगा.

चौथं, होडी. नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा आणि बँकेचं कर्ज असेल तर तेही, सगळं एकाच नावावर आणा. अर्धं बापाच्या आणि अर्धं मुलाच्या नावावर असेल तर दर्यावर काही घडल्यावर त्रास होतो. खलाशांचंही बघा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे, अपघाती मृत्यूला पाच लाख. त्याच्या यादीत नाव आहे का आणि वारस कोण लावलाय, हे प्रत्येक तांडेलने आपल्या होडीवरच्या माणसांना विचारावं. कागदाअभावी अडायचं ते शेवटी त्या बाईला अडायचं जिचा नवरा गेला.

आमच्या घरी काय केलं? सुभानपुऱ्यात जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं आणि आई बसलो. बहीणही दोन दिवस आली होती. होडी, इंजिन आणि जाळी यांची किंमत दोन बाहेरच्या नाखव्यांकडून काढून आणलेली होती. होडी मधल्याच्या नावावर करायची, कारण तो ती चालवतो. बहिणीचा आणि धाकट्याचा वाटा त्याने तीन हंगामांत फेडायचा. मी माझा वाटा आईला दिला. आणि आईने एकच गोष्ट मागितली. एकरकमी काही नको, होडी चालेल तोवर होडीच्या हिश्श्यातला तिचा वाटा दर महिन्याला तिच्या खात्यात आला पाहिजे.

धाकटा म्हणाला, "आई, मी आहे ना, तुला काय कमी पडतंय?" आई म्हणाली, "कमी नाय पडत. पण मी तुझ्या घरात पाहुणी म्हणून नाय राहणार. माझ्या नवऱ्याच्या होडीवर मी जगते."

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. नाखवा गेला की आपण मुलांचं बघतो, होडीचं बघतो. नाखविणीला शहरातल्या फ्लॅटमध्ये एक खोली दिली की आपलं काम झालं असं समजतो. जिने चाळीस वर्षं टोपली डोक्यावर घेऊन बाजार केला, व्यापाऱ्याशी भाव ठरवला, तिला अचानक दोन वेळचं जेवण आणि टीव्ही. शेजारी मासे न खाणारे असतील तर सुकट भाजायचीही चोरी. तिच्या हातात तिचे पैसे असले तर ती नव्या घरात घरच्यासारखी राहते. आमची आई आता खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंबरोबर भाजीला जाते आणि त्यांच्यासाठी भावही करते.

काही जण म्हणतात, शहरात गेलेल्या मुलाचंही नाव होडीवर राहू दे, तेवढीच मुळाशी गाठ. भावना मला कळते. पण शेअर आणि परवाना ही भावनेची जागा नाही. मच्छीमार संस्था मासेमारी करणाऱ्यांची. सभासद यादीत जर गेलेल्यांची आणि गाव सोडलेल्यांचीच नावं राहिली, तर सभेला कोण येणार, ठराव कोण करणार, आपल्या बंदराचं आणि बर्फाचं कोण बोलणार? ज्याने नोकरी धरली त्याने नाव सोडावं आणि ज्याने दर्या धरला त्याने ते घ्यावं. गाठ टिकवायचे दुसरे रस्ते आहेत. नारळी पौर्णिमेला या. होडीला रंग काढताना दोन दिवस रजा टाकून या. नातवंडांना होडीत बसवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हातारे आहेत तोवर त्यांच्या डोक्यातलं उतरवून घ्या. आमचे बाबा महालक्ष्मीचा सुळका बघून जागा सांगायचे. सुळका किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणेच्या रेषेत आला की जाळं टाकायचं, कुठे तळाला खडक आहे, भांगाला पाणी कसं ओढतं आणि उधाणाला कसं, कोणत्या वाऱ्यात परत फिरायचं. आज जीपीएस आहे, खरं आहे. पण तळाला खडक कुठे आहे हे जीपीएसमध्ये टाकलं कोणी? आपल्याच बापजाद्यांनी सांगितलं म्हणून टाकलं. मधल्याने बाबांच्या शेवटच्या आजारपणात मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, एकूण दीड-दोन तास. मध्ये खोकला आहे, आईची हाक आहे, टीव्हीचा आवाज आहे. धाकटा ते सुभानपुऱ्यात रात्री ऐकतो. मधला तेच होडीवर वापरतो. म्हणजे बाबांचा एकच आवाज दोन घरांत दोन कामं करतो.

पापलेट आपल्या राज्याचा मासा झाला आणि घोळ गुजरातचा, दोन्ही २०२३ साली. सरकारने माशांना राज्यं वाटून दिली तरी मासा काही हद्द बघून पोहत नाही. माणसांचंही तसंच. पोरं पोटासाठी तिकडे जाणार, जाऊ द्या. सुनेला नोकरी लागेल, नातू गुजराती शिकेल, वाईट काही नाही. फक्त जाताना मागे कुजती होडी आणि अडकलेली सही ठेवून जाऊ नका.

१ जून ते ३१ जुलै बंदी आहे. होड्या किनाऱ्यावर, माणसं घरात, बाहेरची पोरंही सुट्टीला येतात. वर्षात हीच वेळ बरी. ज्यांच्या घरात होडी किंवा शेअर अजून मयताच्या नावावर आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला, होडीची कागदपत्रं आणि सगळ्या वारसांचे आधार घेऊन कार्यालयात यावं. एकट्याने येऊ नका. आईला आणा, बहिणीला आणा, बाहेरचा भाऊ असेल तर त्याला फोनवर घ्या. अर्ज मी स्वतः भरून देईन, संस्थेकडून फी नाही.

आणि ज्यांचे वडील अजून आहेत त्यांनी कागदांच्या आधी एक काम करावं. आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून मोबाइल चालू करा आणि विचारा, "बाबा, पहिली होडी कशी घेतलीत?" पुढचं ते आपणहून सांगतील.

आपला,
सचिव